थडगं कोण झाडतं?

मंडाले हा शब्द आमच्या घरात शिक्षेचा होता. दंगा हाताबाहेर गेला की आजोबा ओटीवरून आवाज देत, "थांबा, एकेकाला मंडालेस धाडतो!" आणि आम्ही गप्प व्हायचो. रत्नागिरीत वाढलेल्या पोराला मंडाले कुठल्या देशात आहे हे कळायच्या आधी तिथे टिळकांना सहा वर्षं ठेवलं होतं हे कळतं. लोकमान्यांचा जन्म आमच्या गावातला. शाळेची सहल आधी टिळक आळीतल्या त्या कौलारू घरात जायची, मग वर थिबा पॅलेसला. तिथे बाई सांगायच्या, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी पकडून आणून इथे ठेवलं होतं. एवढं सांगून झालं की डबे उघडायचे. इथला माणूस तिकडे, तिकडचा राजा इथे. ही अदलाबदल मला इतकी साधी वाटायची की त्यात कुणाला काही दुखलं असेल, असं कधी मनात आलं नाही.

खरं तर थिबा हे एका माणसाचं नाव आहे, हेच आम्ही विसरून गेलो होतो. थिबा पॅलेस, थिबा पॅलेस रोड, थिबा पॉइंट. पॉइंटवर संध्याकाळी जायचं, खाली भाट्याची खाडी, पुढे समुद्र, सूर्य बुडाला की घरी. आमच्यासाठी थिबा ही एक जागा होती.

२०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही चौघं म्यानमारला गेलो. आई, मी, नवरा आणि तेव्हा अकरा वर्षांची असलेली आमची लेक. बेत आईचा होता. एकाहत्तरावं वर्ष लागलं तेव्हा तिला विचारलं होतं, कुठे जायचंय सांग. मला वाटलं होतं काशी म्हणेल. ती म्हणाली, "थिबाचं घर बघू या. इथलं नव्हे, त्याचं स्वतःचं."

मंडालेला आमच्या हातात एकच पूर्ण दिवस होता. सकाळी सहाला हॉटेलबाहेर गाडी आली. चालक पन्नाशीचा, लुंगीसारखी लोंजी नेसलेला, तोंडात विडा. तोडकंमोडकं इंग्रजी त्याला येत होतं. आईला त्याने पहिल्या मिनिटापासून 'अमे' म्हणायला सुरुवात केली. अमे म्हणजे आई, हे त्यानेच सांगितलं. आईने लगेच विचारलं, "तुझी आई आहे का रे?" हे तिने शुद्ध मराठीत विचारलं आणि त्याने मान डोलावून होकार दिला. दिवसभर त्या दोघांचं असंच चाललं. तो बर्मीत बोलायचा, ती मराठीत, आणि मधल्या इंग्रजीची गरज फक्त आम्हाला पडायची.

राजवाड्याचा खंदक पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो खंदक वाटत नाही, सरळ रेषेत कापलेली नदी वाटते. साठ-पासष्ट मीटर रुंद पाणी, त्यापलीकडे लाल विटांची तटबंदी, आणि तिच्यावर ठरावीक अंतराने लाकडी मनोरे. चौकोनाची एकेक बाजू दोन किलोमीटरची. मिंदोन राजाने १८५७ मध्ये हे शहर वसवायला घेतलं. आधीची राजधानी अमरपूर, इथून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर. तिथला सागवानी राजवाडा त्याने मोडला, हत्तींवर लादला आणि इथे आणून पुन्हा उभा केला. नव्या शहराला राजेशाही नाव दिलं यदनाबोन. त्यातलं 'यदना' म्हणजे पालीतलं 'रतन', आपलं रत्न. हे मी हॉटेलात वाचलं होतं. गाडीत आईला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ खंदकाकडे बघत राहिली. "म्हणजे रत्नांच्या गावातून उचलून रत्नांच्याच गावात आणून टाकला त्याला," ती म्हणाली.

परदेशी माणसाला आत जायला पूर्वेचा एकच दरवाजा. तिथे सैनिक पासपोर्ट बघतात, नोंद करतात. आत बहुतेक सगळा मुलूख लष्कराचा आहे. दरवाज्यापासून मधल्या राजवाड्यापर्यंत सरळ रस्त्याने जायचं, डावी-उजवीकडे वळायचं नाही. आणि आम्हाला वळायचं होतं. टिळकांना ठेवलं तो तुरुंग याच तटबंदीच्या आत होता. १९०८ च्या सप्टेंबरात त्यांना इथे आणलं, १९१४ च्या जूनमध्ये सोडलं. लाकडी बराकीतली एक खोली, पुस्तकं, मधुमेह आणि मंडालेचा उन्हाळा. १९१०-११ च्या हिवाळ्यात पाच महिन्यांत त्यांनी इथे पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढलं. १९१२ मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती बातमी त्यांना इथेच कळली. नवऱ्याने सैनिकाला खुणेने विचारून पाहिलं, जुना तुरुंग कुठे? सैनिकाने शांतपणे सरळ रस्त्याकडे बोट दाखवलं. आमच्या चालकाला विचारलं, टिळक हे नाव ऐकलंय का? त्याने आठवून पाहिलं, मग नकारार्थी मान हलवली.

मला त्या क्षणी वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. ज्या नावाने आमच्या गावातली आळी ओळखली जाते, शाळा, पुतळे, वाचनालयं ओळखली जातात, ते नाव इथे कुणाच्या कानावर नाही. आईने मात्र तिथेच गाडीतून उतरून, कुठल्या दिशेला कोण जाणे, हात जोडले. "इथल्याच हवेत होते ना," ती म्हणाली, "पुरे."

मधला राजवाडा हा खरा राजवाडा नाही. १९४५ च्या मार्चमध्ये, जपानी फौज किल्ल्यात अडकलेली असताना आणि बाहेरून तोफा-विमानांचा मारा चालू असताना, तो जळाला. सागवानाचा राजवाडा, किती वेळ लागणार! बाहेरची फौज एकोणिसावी इंडियन डिव्हिजन होती. इंग्रज अधिकारी आणि बहुसंख्य आपली माणसं. मी हे लेकीला सांगितलं तेव्हा तिने सरळ विचारलं, "म्हणजे आपण जाळलं?" आम्ही दोघांनीही लगेच उत्तर दिलं नाही. तिचा बाबा शेवटी म्हणाला, "आपल्या माणसांच्या हातून जळलं. युद्ध आपलं नव्हतं." ती पटल्यासारखी दिसली नाही, आणि मला तिचं न पटणं बरं वाटलं.

१९८९ नंतर हा सगळा डोलारा नव्याने बांधला. एकावर एक चढत जाणारी लाल-सोनेरी छपरं, पण हात लावला की काँक्रीट लागतं, वर बघितलं की पत्रा दिसतो. दालनांमागून दालनं, जवळजवळ सगळी रिकामी. एका ठिकाणी राजा-राणीचे पुतळे बसवलेत. मूळ सिंहासनांपैकी एकच वाचलं, तेही इंग्रजांनी कलकत्त्याला नेऊन ठेवलं होतं म्हणून. १९४८ मध्ये ते परत आलं, आता यांगोनच्या संग्रहालयात आहे. आई प्रत्येक दालनाच्या उंबऱ्याशी थांबायची, आत बघायची आणि पुढे जायची. तिला इतिहासातलं फार काही विचारायचं नव्हतं. ती घर बघत होती. कुठून उजेड येतो, पाणी कुठून भरत असतील, मुलं कुठे खेळत असतील.

आगीतून वाचलेला एक मनोरा शेजारी आहे, गोल, बाहेरून वळत जाणारा जिना असलेला. इंग्रजी फौजा शहरात शिरताना राणी सुपयालतने या मनोऱ्यावरून पाहिल्या, असं सांगतात. तो दिवस २८ नोव्हेंबर १८८५ चा. राजाला नेलं ते दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या बाजूला उन्हात उभं राहून मी तो रस्ता डोळ्यांनी मोजला. राजा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. गाभण गाईसारख्या संथ चालणाऱ्या बैलांच्या गाड्यांत राजा, दोन राण्या, दोन लहानग्या मुली यांना बसवून पश्चिमेला नदीकडे नेलं. शहर दुतर्फा उभं होतं. धक्क्याला 'थूरिया' नावाची आगबोट लागलेली होती. तिथून रंगून, मद्रास, आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये आमची रत्नागिरी. एप्रिलमध्ये! आंबे उतरायला लागलेले, घामाने जीव नकोसा झालेला, आणि पुढे दीड महिन्यात त्याने कधी पाहिला नसेल असा पाऊस.

तो संत होता असं मी म्हणणार नाही. गादीवर आल्यावर काही महिन्यांतच, १८७९ मध्ये, राजघराण्यातल्या डझनावारी माणसांची कत्तल झाली. सावत्र भाऊ, बहिणी, मुलं. ती त्याने घडवली की त्याच्या नावाने घडवली गेली, यावर लिहिणारे अजून भांडतात. पण माणसाला गावातून उचलून नेणं आणि तीस वर्षं परत येऊ न देणं, ही शिक्षा इंग्रजांनी त्याला त्या कत्तलीसाठी दिली नव्हती. त्यांना सागवान हवं होतं, नदी हवी होती, चीनकडे जायचा रस्ता हवा होता.

राजवाड्याबाहेर आल्यावर चालक आम्हाला चहाला घेऊन गेला. बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं, बुटकी टेबलं, दाट दुधाचा गोड चहा. समोशाचे तुकडे करून त्यात कोबी, कांदा आणि चण्याचं पातळ कालवण घातलेली बशी आली, ती लेकीने एकटीने संपवली. नवऱ्याने गप्पांच्या ओघात चालकाला सांगितलं, आम्ही राहतो पुण्यात, पण या अमेचं गाव रत्नागिरी.

त्याने पेला खाली ठेवला. "यदनागिरी?" असंच काहीसं तो म्हणाला. मग, "थीबॉ मिन?" मिन म्हणजे राजा. आईने 'थिबा' एवढं ओळखलं आणि जोरजोरात मान हलवली. हो, हो, आमच्याकडे, थिबा राजा. तिने हाताने टेकडी दाखवली, बंगला दाखवला, समुद्र दाखवला. त्याने टीव्हीवर पाहिलं होतं, २०१६ च्या डिसेंबरात, राजाला जाऊन शंभर वर्षं झाली तेव्हा इथून वंशज आणि भिक्खू रत्नागिरीला गेले होते, थडग्यापाशी प्रार्थना झाली होती. तो बोलत राहिला, आमच्याकडे न बघता, आईकडे बघत. शेवटी त्याने एक प्रश्न विचारला, आणि आईला समजावा म्हणून हाताने झाडण्याची खूण केली.

"अमे, तिथे थडगं कोण झाडतं?"

मी भाषांतर केलं. आई काही बोलली नाही. आमच्या घरापासून ते थडगं दहा-पंधरा मिनिटांवर आहे. शिवाजीनगरात, चहूबाजूंनी घरं वाढलेल्या वस्तीत. राजाचं आणि धाकट्या राणीचं, शेजारी शेजारी. आई त्या गावात पन्नास वर्षं राहते. ती तिथे दोनदा गेली होती. एकदा पाहुण्यांना दाखवायला, आणि एकदा २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन येऊन गेले त्यानंतर, गर्दी ओसरल्यावर. मी किती वेळा गेले? एकदाही नाही. थिबा पॉइंटला शेकडो वेळा गेले असेन.

"सांग त्याला," आई हळूच म्हणाली, "मला ठाऊक नाही."

मी सांगितलं. त्याने मान डोलावली, चहाचे पैसे द्यायला उठला, आम्ही नको म्हणत असताना त्यानेच दिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने फक्त विचारलं होतं, जसं आपण परगावी राहणाऱ्या नातलगाची चौकशी करतो.

श्वेनानडॉ हा मठ राजवाड्याच्या पूर्वेला, तटबंदीच्या बाहेर आहे. मला विचाराल तर मंडालेत एकच गोष्ट बघायला वेळ असेल, तर ही बघा. काळपट सागवानाचा, खांबांवर उचललेला, बाहेरून इंच न् इंच कोरलेला. कधीकाळी आतून-बाहेरून सोन्याने मढवलेला होता. बाहेरचं सोनं पावसांनी नेलं, आत अंधारात अजून लकाकतं. भिंतींवर जातककथा कोरल्या आहेत. पण त्याची खरी गोष्ट अशी, की हा मठ म्हणून बांधलेला नाही. हा राजवाड्याचाच भाग होता, मिंदोनचं राहतं दालन. १८७८ मध्ये मिंदोन याच दालनात वारला. थिबाला वडिलांच्या त्या जागेत राहवेना. त्यांचा वावर तिथे आहे असं त्याला वाटायचं. त्याने अख्खं दालन सुटं करवलं, कोटाबाहेर आणलं आणि मठाला देऊन टाकलं. म्हणून ते १९४५ मध्ये जळालं नाही. सगळ्या राजवाड्यातलं हे एवढंच दालन उरलं.

थिबाच्या आयुष्यातली दोन घरं आज उभी आहेत. एक, जे त्याने स्वतःच्या नजरेआड केलं. आणि दुसरं आमच्या टेकडीवरचं, जे इंग्रजांनी १९१० मध्ये त्याला बांधून दिलं, तो सहा वर्षं ज्यात राहिला आणि ज्यात वारला. ज्या घरात त्याला राहायचं होतं, ते राहिलं नाही.

आई त्या मठाच्या एका खांबाला तळहात लावून उभी होती. सागवानाच्या खांबाला हात लावायची तिची पद्धत मला माहीत आहे. तिचं माहेरचं घर वीस वर्षांपूर्वी उतरवलं. भाऊ वेगळे झाले, कौलं गेली, तुळया, खांब, दारांच्या चौकटी एका टेम्पोत भरून कुठल्याशा हॉटेलवाल्याला विकल्या. कोकणात हे आता रोजचं आहे. जुनं घर मोडलं की लाकूड तेवढं पुढे जातं, कुणाच्या तरी व्हरांड्यात शोभेला उभं राहतं. "लाकूड बरं," ती म्हणाली, "सुटं करता येतं, परत जोडता येतं." यापुढे ती काही म्हणाली नाही, पण मला वाटतं आम्ही दोघी तेव्हा एकच विचार करत होतो. या देशाच्या राजांनी राजधान्या मोडल्या आणि नव्या जागी जोडल्या, अनेकदा. जो एकटा परत जोडता आला नाही, तो आमच्याकडे पुरलेला आहे.

त्याच भागात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर कुथोडॉ पॅगोडा. मधला सोनेरी स्तूप, आणि त्याच्या भोवती रांगाच रांगा, पांढऱ्या छोट्या देवळ्यांच्या. प्रत्येक देवळीत साधारण दीड मीटर उंच एक संगमरवरी शिळा, दोन्ही बाजूंनी कोरलेली. अशा ७२९ शिळांवर मिळून सगळं त्रिपिटक, म्हणजे बौद्धांचे धर्मग्रंथ. मिंदोनने १८६० मध्ये काम सुरू केलं, १८६८ मध्ये पुरं झालं. खालचा अर्धा ब्रह्मदेश इंग्रजांनी आधीच घेतला होता, उरलेला कधी जाईल सांगता येत नव्हतं. ताडपत्र जळतं, किडतं, दगड राहील, असा त्याचा हिशेब. अक्षरांत सोन्याची शाई भरली होती. १८८५ नंतर सैन्य इथे तळ देऊन राहिलं आणि ते सोनं गेलं. अक्षरं राहिली. ती गोल, वेटोळी अक्षरं बोटाने गिरवत लेक म्हणाली, "हे सगळं एकच पुस्तक आहे?" आणि मला पुन्हा ती पेन्सिल आठवली. याच गावात चार दशकांनी एका कैद्याने जे लिहिलं, ते त्याच्या सुटकेच्या वेळी सरकारने ठेवून घेतलं होतं, नंतर परत दिलं. एका राजाला वाटलं दगडाशिवाय भरवसा नाही. आमच्या माणसाला वाटलं, वह्या नाही मिळाल्या तरी डोक्यात आहे, पुन्हा लिहीन.

आणि मग तो वास आला. मला आधी वाटलं, कुणी अगरबत्ती लावली असेल. आईने मान वर केली. "अगो, बकुळ!"

शिळांच्या रांगांमध्ये बकुळीची जुनी झाडं आहेत. डेरेदार, थंड सावलीची. खाली तुरळक फुलं पडलेली, चांदण्यांसारखी. स्थानिक बायका-मुली सावलीत चटया टाकून बसल्या होत्या, डबे उघडलेले, आणि दोन मुली फुलं वेचून दोऱ्यात ओवत होत्या. आमच्याकडे खाली सिंधुदुर्गात या फुलांना ओवळं म्हणतात. सुकलं तरी वास न सोडणारं फूल. आई थेट त्या चटईशी जाऊन बसली. कुणी तिला बोलावलं नाही, कुणी नवल केलं नाही. थोड्या वेळाने तिच्या हातात दोरा होता. त्यातल्या एका बाईने सहाण पुढे ओढली. हो, सहाणच. गोल, कडेने पाणी उतरायला पन्हळ असलेली. त्यांच्याकडे तिच्यावर चंदनाऐवजी तनखा नावाच्या झाडाचं खोड उगाळतात आणि तो पिवळसर लेप गालांवर लावतात, उन्हासाठी. लेकीच्या दोन्ही गालांवर तिने पानाच्या आकाराचे ठसे काढले. लेक तो लेप रात्री धुवायला तयार नव्हती.

आम्ही तिथे तासभर बसलो असू. दिवसाच्या यादीत त्यासाठी वीस मिनिटं होती. मंडाले टेकडी राहिली, सोन्याचा वर्ख कुटणारे कारागीर राहिले. राहू देत.

दुपारचं जेवण, ऊन, धूळ, यांविषयी लिहिण्यासारखं काही नाही. तीनच्या सुमारास महामुनीला पोचलो. ही बुद्धमूर्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस राजा बोदोपयाने आराकान जिंकून तिथून आणली, म्हणजे तीसुद्धा उचलून आणलेलीच. भाविक तिच्यावर सोन्याचा वर्ख चिकटवतात. शतकानुशतकं चिकटवत आलेत, त्यामुळे अंगाचा आकार हरवून नुसते सोन्याचे उंचवटे उरले आहेत, चेहरा तेवढा लख्ख. मूर्तीजवळ फक्त पुरुषांनी जायचं. बायकांनी खाली, समोर बसून बघायचं. नवरा वर्ख घेऊन वर गेला, आम्ही तिघी खाली. लेकीने विचारलं, "मी का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ मध्ये खुला झाला, तेव्हा हीच लेक टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवत होती. इतक्या मायेने वागवणाऱ्या गावात हा उंबरठा मला टोचला, आणि पाहुणी म्हणून मी तो मुकाट्याने मानला, हेही टोचलं. नवरा खाली आला तेव्हा त्याच्या बोटाला सोन्याचा कण चिकटलेला होता. त्याने तो लेकीच्या कपाळाला लावला.

संध्याकाळी अमरपूर. अमर म्हणवणारं हे शहर दोनदा राजधानी झालं आणि दोनदा सोडून दिलं गेलं. तिथल्या तौंगथमान तलावावर ऊ बेनचा पूल आहे, सव्वा किलोमीटर लांब, सगळा सागवानी. १८५० च्या आसपास ऊ बेन नावाच्या अधिकाऱ्याने बांधला. त्याचं लाकूडही त्याआधीच्या राजधानीतल्या मोडलेल्या राजवाड्याचं. पुलाला कठडा नाही. आई आधी घाबरली, मग चालकाने तिचा हात धरला आणि ती दोघं आमच्यापुढे चालत राहिली. शाळा सुटलेली मुलं सायकली ढकलत नेत होती, भिक्खू लाल वस्त्रं सावरत परतत होते, खाली पाण्यात बदकांचे थवे. सूर्य खांबांच्या रांगेमागे उतरला तेव्हा पुलावरचं प्रत्येक माणूस काळी आकृती झालं होतं, आणि त्या आकृत्यांत आपली आई कुठली हे मला फक्त तिच्या चालीवरून कळलं.

पुलाच्या मधोमध बाकावर बसून तिने चालकाला बरंच काही सांगितलं. मी मागून पोचले तेव्हा ती थिबाच्या थोरल्या मुलीची गोष्ट सांगत होती. ती राजकन्या रत्नागिरीत पहारेकऱ्याच्या प्रेमात पडली, तिला मुलगी झाली, टुटू. घरच्यांबरोबर १९१९ मध्ये ब्रह्मदेशला गेलेली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच वारली. टुटू तर मराठीच झाली, मराठी बोलली, इथेच संसार केला, २००० मध्ये गेली. आई हे मराठीत सांगत होती. चालकाला 'टुटू' आणि 'थिबा' याखेरीज काही कळत नसणार. तो ऐकत होता.

रत्नागिरीला परतल्यावर आठवड्याभराने आईने फोटो पाठवला. थडग्याचं आवार, सकाळचं ऊन. खराटा भिंतीला टेकवलेला, शेजारी पालापाचोळ्याचा ढीग. फोटो शेजारच्या कुणा मुलाने काढला असावा, कारण कोपऱ्यात आई पाठमोरी आहे. त्यानंतर ती दर महिन्याला जायला लागली, कधी एकटी, कधी शेजारणीला घेऊन. मी तो फोटो चालकाला पाठवला. त्याचं उत्तर बर्मीत आलं. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं, त्यातून एवढंच लागलं की त्याने तो त्याच्या आईला दाखवला.

२०२१ च्या फेब्रुवारीत तिथे लष्कराने सत्ता घेतली, आणि त्याचे निरोप विरळ होत थांबले. २८ मार्च २०२५ ला ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, केंद्र मंडालेच्या अगदी जवळ. हजारो माणसं गेली. खंदकाकाठची तटबंदी जागोजागी ढासळली, महामुनीच्या देवळाची पडझड झाली. बातम्यांतल्या प्रत्येक गल्लीत मी त्याची पांढरी गाडी शोधत होते. आईचा फोन आला, "त्याचा काही निरोप?" मी म्हटलं, नाही. दोन टिकमार्क असतात ना, त्यातली एकच उमटते.

"तो फोटो परत पाठव," ती म्हणाली. "पोचेल तेव्हा पोचेल."

मी पाठवण्यापूर्वी तो मोठा करून बघितला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट. आईने चपला फाटकाबाहेर काढून ठेवल्या आहेत, कुथोडॉला ठेवल्या होत्या तशा, टाचा आत आणि पुढचं टोक रस्त्याकडे.